शिक्का, वर्ग आणि विद्यार्थी : आदिलाबाद जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासातील काही नोंदी

प्रस्तावना

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की वर्गशिक्षकाच्या हातात एक यादी येते. तास थोडा असतो, कार्यालयाची मुदत जवळ आलेली असते. म्हणून यादी घाईने आणि बहुतेक ठिकाणी प्रवर्गानुसार वाचली जाते. 'एस.टी.वाले उभे राहा, एस.सी.वाले या बाजूला या, मायनॉरिटीचे फॉर्म उद्या मिळतील.' आठवी-नववीतला मुलगा उभा राहतो. घरी पैशांची गरज आहे, म्हणून त्याला उभे राहावेच लागते. उभे राहिल्यावर मात्र तो आधी फळ्याकडे पाहत नाही. आपल्याबरोबर कोण उभे राहिले आणि कोण बसून राहिले, हे पाहतो. शिक्षकाच्या मनात काहीही वाईट नसते. तरीही त्या दोन मिनिटांत वर्गाची अशी एक विभागणी होते, जी वर्षभर पुसली जात नाही.

समाजाने लावलेले शिक्के आणि ठरावीक समजुती यांचा माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राचा मानला जातो. प्रस्तुत लेखात तो इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्याचे उदाहरण घेतले आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानाचा व नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी आणि बंजारा या बोली येथे एकाच आठवडी बाजारात ऐकू येत. जिल्ह्यातील बेल्लमपल्ली हे गाव (२०१६ च्या पुनर्रचनेपासून ते मंचिर्याल जिल्ह्यात आहे) सिंगरेणी कंपनीच्या कोळसा खाणींमुळे वाढले. खाणकामगार तेलंगणाच्या इतर जिल्ह्यांतून, उत्तर भारतातून आणि मराठी मुलखातून आले. आसपासच्या डोंगरात गोंड व कोलाम यांची वस्ती पूर्वीपासूनच होती. अशा गावातील माध्यमिक शाळेच्या एका वर्गात किती शिक्के एकत्र बसत असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. शिक्का कागदावर असतो तेव्हा तो हक्क मिळवण्याचे साधन होऊ शकतो. तोच वर्गात मोठ्याने उच्चारला गेला की विद्यार्थ्याच्या पाठीवरचे ओझे होतो. या दोन गोष्टींत फरक करणे सर्वस्वी अध्यापकाच्या हाती असते.

एकच समाज, तीन शिक्के

शिक्का हा माणसाचा गुण नसून दप्तरातील नोंद आहे, हे समजून घेण्यासाठी या सीमाभागाइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल. बंजारा अथवा लंबाडा समाज पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर राहतो. बोली एक, गोत्रे एक, सोयरिकीही एकमेकांत. परंतु दक्षिण तीरावरील आदिलाबाद जिल्ह्यात या समाजाचा मुलगा अनुसूचित जमातीचा ठरतो. तेलंगणातील लंबाडांना हा दर्जा १९७६ च्या सुधारणा कायद्याने मिळाला. उत्तर तीरावरील यवतमाळ जिल्ह्यात, तसेच १९५६ पर्यंत आदिलाबादमध्येच असलेल्या आणि आता नांदेड जिल्ह्यात मोडणाऱ्या किनवट तालुक्यात तोच मुलगा विमुक्त जातीचा ठरतो. आणखी दक्षिणेला कर्नाटकात गेला तर अनुसूचित जातीचा होतो. आत्याचा मुलगा एका प्रवर्गात आणि मामाचा मुलगा दुसऱ्या प्रवर्गात, असे या भागात घडते.

यांतील 'विमुक्त' या शब्दामागे एक जुना शिक्का आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. मूल चोरी करो वा न करो, त्याच्या जमातीचे नाव पोलीस दप्तरात असे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि 'गुन्हेगार' या शब्दाच्या जागी 'विमुक्त' हा शब्द आला. कायदा एका दिवसात गेला, पण गावाच्या नजरेतील समजूत एका दिवसात जात नाही. वर्गात पेन हरवले की प्रथम कोणाच्या दप्तराकडे हात जातो, हे ज्यांनी शाळेत दिवस काढले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरीकडे, प्रवर्ग नुसता अपमानाचा असतो असेही नाही. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांतच ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. या शिष्यवृत्तीने किती घरांत पहिला पदवीधर निर्माण केला, हे आपण प्रत्यक्ष पाहिले आहे. म्हणूनच प्रवर्गासाठी संघर्षही होतो. लंबाडांना जमातीच्या यादीतून वगळावे, या गोंड व इतर आदिवासींच्या मागणीवरून २०१७ च्या अखेरीस आदिलाबादमध्ये मोठा तणाव निर्माण झाला. काही गावांत लंबाडा शिक्षकांना शाळेत येऊ न देण्यापर्यंत मजल गेली. जमिनी व नोकऱ्या हातून गेल्याची गोंडांची तक्रार ऐकून घेण्यासारखी आहे, आणि लंबाडांचे दारिद्र्यही खोटे नाही. पण शाळेच्या दृष्टीने पाहता दोन्ही बाजूंच्या मुलांनी एकच धडा घेतला : समोर उभा असलेला माणूस शिक्षक नंतर असतो, आधी तो एका यादीतील नाव असतो.

'जंगली' ही समजूत आणि इतिहास

आदिलाबादच्या गोंडांवर जो शिक्का शतकभर बसला तो 'जंगली' हा. सावकार, पटवारी, जंगल खात्याचे कर्मचारी यांच्या बोलण्यातून तो शाळेत आला. गोंडांना शिक्षणाची आवड नाही, त्यांना इतिहास नाही आणि लिपीही नाही, अशी ही समजूत होती.

इतिहासाचा पुरावा याच्या उलट आहे. चंद्रपूरचे गोंड राज्य अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकले. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहराचा पाया घातला. त्याने इस्लामचा स्वीकार केला होता, ही गोष्टही आपल्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच येते. तट, तलाव व शहरे बांधणाऱ्या समाजाची मुले पुढे 'जंगली' ठरली, कारण मधल्या काळात त्यांची जमीन गेली आणि कागद दुसऱ्यांच्या हाती गेले. शिक्का बहुधा असाच तयार होतो. आधी परिस्थिती लादली जाते, मग त्या परिस्थितीलाच स्वभाव म्हटले जाते.

लिपीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा या गावी २००६ च्या सुमारास गोंडी भाषेतील जुनी हस्तलिखिते अभ्यासकांच्या दृष्टीस पडली. त्यांची लिपी देवनागरीही नव्हती आणि तेलुगूही नव्हती. गावातील काही वृद्धांना ती वाचता येत होती. पुढे हैदराबाद येथील अभ्यासकांनी या लिपीवर काम केले आणि २०१८ मध्ये 'गुंजाळा गोंडी' या नावाने तिला संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये स्थान मिळाले. ज्यांना लिपी नाही असे वर्षानुवर्षे शिकवले गेले, त्यांच्या घरच्या पेटीत ती बांधून ठेवलेली होती. कोणी विचारले नव्हते, एवढेच.

येथे 'गोंड' या नावाचाही उल्लेख करावा लागेल. हे नाव इतरांनी दिलेले आहे. हे लोक स्वतःला कोया अथवा कोयतोर म्हणवतात. कोलामांचेही तसेच आहे. तेलुगू शेजाऱ्यांनी त्यांना 'मन्नेवार' म्हटले. हजेरीपटावर आपण जे नाव लिहितो ते पुष्कळदा त्या समाजाचे स्वतःचे नसते, ही साधी बाबही अध्यापकाला नम्र करायला पुरेशी आहे.

मार्लवाईचा प्रयोग

या समजुतीला शाळेतूनच उत्तर देण्याचा एक प्रयत्न याच जिल्ह्यात झाला. दुर्दैवाने शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळालेली नाही.

१९४० मध्ये आसिफाबादच्या डोंगरातील जोडेघाट येथे कुमराम भीम व त्यांचे साथीदार निजाम सरकारच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. जमीन आणि जंगलावरील हक्क हे त्या उठावाचे मूळ होते. उठाव मोडला, पण असंतोषाची कारणे शोधणे सरकारला भाग पडले. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ त्या वेळी हैदराबाद संस्थानात आदिवासींचा अभ्यास करीत होते. त्यांच्याकडे गोंडांच्या स्थितीची पाहणी सोपवण्यात आली. पत्नी बेट्टी यांच्यासह ते मार्लवाई या गोंड गावात राहिले. त्यांनी सरकारपुढे मांडलेल्या उपायांत जमिनीचे पट्टे देणे जसे होते तसेच शाळाही होत्या.

१९४३ मध्ये गोंड शिक्षण योजना सुरू झाली आणि मार्लवाई येथे शिक्षक प्रशिक्षण केंद्र उघडले. या योजनेतील तीन निर्णय आजही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला निर्णय शिक्षकाविषयी होता. बाहेरचा शिक्षक डोंगरातील गावात टिकत नाही आणि टिकला तरी मुलांकडे वरून पाहतो, हा अनुभव होता. म्हणून गोंडांतूनच शिक्षक तयार करण्याचे ठरले. अडचण अशी की शिकलेले गोंड जवळजवळ नव्हतेच. तेव्हा थोडीफार अक्षरओळख असलेले तरुण निवडून त्यांनाच प्रथम शिकवण्यात आले आणि मग शाळांवर पाठवण्यात आले. पदवीची वाट पाहिली असती तर योजना सुरूच झाली नसती.

दुसरा निर्णय भाषेविषयी होता. त्या काळी हैदराबाद संस्थानाची राजभाषा उर्दू होती. माध्यमिक शिक्षणात तिचाच वरचश्मा होता आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई. एका भारतीय भाषेतून विज्ञान व वैद्यक शिकवण्याचा तो प्रयोग अभिमानास्पदच होता. तथापि, मराठी, तेलुगू वा कन्नड बोलणाऱ्या मुलाला त्या व्यवस्थेत पहिल्या दिवसापासून मागे धावावे लागे, हेही तितकेच खरे आहे. या नियतकालिकाच्या अनेक वाचकांची मायबोली उर्दू आहे. मायबोली शाळेबाहेर राहिली की मुलाचे काय होते, हे त्यांनी पुढच्या काळात स्वतः अनुभवले आहे. म्हणून दोन्ही बाजू ते अधिक नीट समजू शकतील. मार्लवाईच्या योजनेत सुरुवात गोंडीतून करण्यात आली. वाचनमाला गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत छापण्यात आली. डोंगरातील गोंडांना मराठीचा परिचय होता. देवनागरीमुळे गोंडीतून मराठीकडे जाणारी वाट सोपी झाली आणि उर्दू त्यानंतर आली. मुलाने घरून आणलेली भाषा ही अडचण न मानता पहिली पायरी मानली गेली.

तिसरा निर्णय आशयाविषयी होता. वाचनमालेत गोंडांच्या स्वतःच्या कथा घेण्यात आल्या. परधान गायक पिढ्यान्पिढ्या ज्या पुराणकथा गात आले, त्या मुलाला छापील अक्षरांत भेटल्या. आजीने सांगितलेली गोष्ट पुस्तकात दिसणे याचा अर्थ मुलाच्या दृष्टीने काय असतो, हे ज्याची भाषा पुस्तकात नेहमीच होती त्याला सहजी कळणार नाही.

या कामाशी एका मराठी विद्वानाचे नाव जोडलेले आहे, ते म्हणजे सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे इतिहासकार आणि उर्दू काव्याचे मराठीतील मर्मज्ञ म्हणून ते परिचित आहेत. निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेले पगडी हैदराबाद संस्थानाच्या सेवेत होते आणि त्या सेवेत आदिलाबादच्या आदिवासींमध्ये त्यांनी काम केले. ते गोंडी शिकले. गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. व्याकरण लिहिणे ही कोरडी बाब वाटते. पण ज्या बोलीला लोक 'भाषाच नव्हे' म्हणतात, तिचे व्याकरण लिहिणे म्हणजे ती बोलणाऱ्यावरचा शिक्का काढण्याचाच एक मार्ग होता.

मार्लवाईत शिकलेल्यांपैकी काही शिक्षक झाले, तर काही सरकारी नोकऱ्यांत गेले. 'गोंड शिकत नाही' या समजुतीला काही वर्षांतच उत्तर मिळाले. मुले तीच होती, डोंगर तेच होते. बदलली होती ती शाळा.

प्रयोगाची अखेर

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर लवकरच हायमेनडॉर्फ लंडनला गेले. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली. किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि उरलेला आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात समाविष्ट झाला. शाळांची भाषा तेलुगू झाली. गोंडी वाचनमाला मागे पडली. गोंड मुलाला पहिल्या इयत्तेतच अनोळखी भाषेला सामोरे जावे लागले आणि मराठीची अर्धी बांधलेली वाटही बंद झाली. नदीपलीकडच्या गोंड मुलासमोर मराठी आली आणि अलीकडच्यासमोर तेलुगू. त्याची स्वतःची भाषा दोन्हीकडे वर्गाबाहेर राहिली.

१९७० च्या दशकात हायमेनडॉर्फ पुन्हा आदिलाबादेत आले. जमिनी पुन्हा हातच्या जात असल्याचे आणि शिक्षणातील जोम ओसरल्याचे त्यांनी पाहिले आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याविषयी लिहिले. मुले गळू लागली तेव्हा जुनी समजूत परत आली : 'यांना शिक्षणाची आवडच नाही.' मार्लवाई लोक विसरले होते, त्यामुळे ही समजूत खोडून काढणारा पुरावाही विसरला गेला. या घटनेतून एक गोष्ट ध्यानात येते. शिक्का स्मरणात राहण्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही, त्याच्याविरुद्धचा पुरावा मात्र मुद्दाम जपावा लागतो.

शिक्का उच्चारल्याने काय होते?

इतिहासाने जे सुचवले त्याची तपासणी पुढे प्रयोगांनीही झाली. त्यांपैकी काही आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत.

१९६८ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट रोझेंथाल व लेनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेतील अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुले येत्या वर्षात विशेष प्रगती करतील, असे शिक्षकांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती नावे चिठ्ठ्या टाकावीत तशी निवडली होती. वर्षअखेरीस, विशेषतः लहान इयत्तांत, त्या मुलांची प्रगती अधिक दिसली. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली आणि परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा नसावा, असे मत पडले. शिक्षकाच्या अपेक्षेचा काहीच परिणाम होत नाही, असे मात्र कोणी सिद्ध केले नाही. १९९५ मध्ये क्लॉड स्टील व जोशुआ ॲरनसन यांनी आपल्या गटाविषयीच्या हीन समजुतीची आठवण परीक्षेच्या वेळी जागी झाली तर विद्यार्थ्याची कामगिरी घसरते, असे दाखवले. त्यावरही वाद आहेत आणि सर्व ठिकाणी तसेच निष्कर्ष मिळालेले नाहीत.

आपल्याला अधिक जवळचा प्रयोग कार्ला हॉफ व प्रियंका पांडे यांचा आहे. तो उत्तर प्रदेशात झाला आणि २००४ मध्ये प्रथम मांडला गेला. सहावी-सातवीतील ३२१ उच्च जातीय व ३२१ कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुलांना कागदावरील भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे पैसे मिळणार होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. दुसऱ्या खेपेस सुरुवातीला प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडील-आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवण्यात आली. एवढ्यानेच कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी सुमारे एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश घसरली. कोडी तीच होती, बुद्धीही तीच होती. फक्त नावापुढचा एक शब्द मोठ्याने वाचला गेला होता.

आता लेखाच्या आरंभीचा शिष्यवृत्तीचा दिवस आठवावा. प्रयोगासाठी संशोधकांना जे मुद्दाम करावे लागले, ते आपण दरवर्षी सहज करतो. कित्येकदा त्यानंतरचा तास गणिताचा असतो.

आणखी एका अभ्यासाचा उल्लेख आवश्यक आहे. रेमा हॅना व ली लिंडन यांनी एका भारतीय शहरात उत्तरपत्रिकांवर जातीची माहिती स्वैरपणे बदलून शिक्षकांकडून त्या तपासून घेतल्या. कनिष्ठ जातीचे म्हणून दाखवलेल्या विद्यार्थ्यांना किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता. पण तो प्रामुख्याने त्याच जातींतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत आढळला, हे विशेष. म्हणजे 'मी स्वतः त्याच समाजातला आहे, माझ्याकडून असे होणार नाही' ही खात्री पुरेशी नाही. जो शिक्का लहानपणी आपल्यावर बसला, तोच आपण नकळत पुढच्याच्या कपाळी लावतो.

मुस्लिम विद्यार्थी आणि दुहेरी ओझे

हा शेवटचा मुद्दा या नियतकालिकाच्या वाचकांना लागू पडतो, म्हणून त्याचा विचार टाळता येणार नाही. 'मुसलमान शिक्षणात मागे' हे वाक्य १८७१ मधील विल्यम हंटर यांच्या पुस्तकापासून आणि १८८२ च्या शिक्षण आयोगापासून सतत उच्चारले जात आहे. हंटर यांचे निरीक्षण मुख्यतः बंगालचे होते. मुंबई इलाख्यातील स्थिती वेगळी होती आणि तेथे १८७४ मध्येच अंजुमन-ए-इस्लामसारखी संस्था उभी राहिली. तरीही बंगालचे वाक्य सर्व देशाला लागू झाले.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मागासलेपणाचे पुरावे आकड्यांनी मांडले. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता ६५.१ टक्के असताना मुसलमानांची ५९.१ टक्के होती. पण त्याच अहवालाने एक समजूतही खोडून काढली. शाळेच्या वयातील मुस्लिम मुलांपैकी केवळ ३ टक्क्यांच्या आसपास मुले मदरशांत शिकत होती. समाज 'देशविरोधी' आणि त्याच वेळी 'लाडावलेला' अशी दोन परस्परविरोधी दूषणे एकाच वेळी वाहतो, याची नोंदही अहवालाने घेतली. नववीतील मुलाला ही वाक्ये अहवालातून कळत नाहीत. क्रिकेटचा सामना असतो त्या दिवशी ती त्याला मधल्या सुट्टीत कळतात.

परंतु आपल्या संस्थांतही शिक्के तयार होतातच. 'उर्दू माध्यमाची मुले गणितात कच्ची', 'अमुक मोहल्ल्यातील मुले दहावीनंतर गॅरेजवरच जाणार', 'मुलींना दहावीपर्यंतच शिकवतात' ही वाक्ये शिक्षक-खोलीत सहानुभूतीच्या सुरात बोलली जातात. सहानुभूतीने लावलेला शिक्काही शिक्काच असतो. समाजाच्या मागासलेपणाचे भाषण आपण संमेलनात करतो ते मागणीसाठी, आणि ते योग्यच आहे. तेच भाषण वर्गात केले तर समोरची मुले ते स्वतःचे भविष्य म्हणून ऐकतात.

बेल्लमपल्लीतील नवे नाव

लेखाचा शेवट बेल्लमपल्लीकडे वळून करावासा वाटतो. समाजकल्याण खात्याचे मुलांचे निवासी विद्यालय या गावात आहे. अशा विद्यालयांतील मुलांना पूर्वी 'हॉस्टेलचा पोरगा' या दोन शब्दांत ओळखले जाई आणि त्या दोन शब्दांत जात, दारिद्र्य व अपेक्षाभंग हे सर्व सामावलेले असे. २०१२ मध्ये या विद्यालयांच्या संस्थेचे सचिव म्हणून आर. एस. प्रवीण कुमार हे पोलीस अधिकारी आले. त्यांच्या काळात विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी 'स्वेरो' हे नवे नाव स्वीकारले. समाजकल्याण या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आणि आकाशाचा अर्थ त्यात जोडलेला होता. २५ मे २०१४ रोजी याच संस्थेच्या विद्यालयात शिकणारी निजामाबाद जिल्ह्यातील मालावत पूर्णा वयाच्या चौदाव्या वर्षात एव्हरेस्ट शिखरावर पोहोचली. खम्मम भागातील आनंद कुमार हा विद्यार्थी तिच्यासोबत होता. पूर्णा ही लंबाडा समाजातील मुलगी आहे. नदीच्या उत्तर तीरावर जन्मली असती तर तिचा प्रवर्ग वेगळा असता, शिखराची उंची तीच राहिली असती.

नव्या नावाने सर्व प्रश्न सुटले असे म्हणता येणार नाही. नाव बदलले तरी घरची गरिबी राहते. एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभे राहिलेले काम तो गेल्यावर कसे टिकते, हा प्रश्न मार्लवाईप्रमाणे येथेही आहे. प्रवीण कुमार २०२१ मध्ये सेवेतून बाहेर पडले. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रवेशाच्या अर्जावर प्रवर्गाचा रकाना तसाच राहिला, कारण त्यावरच हक्क अवलंबून होता. वर्गात आणि मैदानावर मात्र मुलांना हाक मारताना दुसरा शब्द वापरला गेला. कागदावरचा शिक्का आणि वर्गातली हाक वेगळी करता येते, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

समारोप

वरील विवेचनावरून अध्यापकांसाठी काही साध्या गोष्टी निष्पन्न होतात. शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गानुसार वाचण्याऐवजी हजेरी क्रमांकाने वाचता येते, किंवा अर्ज बंद पाकिटात देता येतात. परीक्षेच्या वा चाचणीच्या दिवशी प्रवर्गाची कोणतीही माहिती वर्गात मागू नये. विद्यार्थ्याची घरची भाषा वर्गात एकदा तरी सन्मानाने ऐकू यावी. गोंडी, दखनी, बंजारा अथवा कोलामी यांतील एक म्हण फळ्यावर लिहायला पैसे लागत नाहीत. उत्तरपत्रिका शक्यतो नाव झाकून तपासाव्यात. आणि शिक्षक-खोलीत 'ही मुले अशीच' हे वाक्य आले, तर 'अशीच म्हणजे कधीपासून?' एवढा इतिहासाचा प्रश्न एकाने तरी विचारावा.

गोंडी माध्यमाची मागणीही संपलेली नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी शिकवणारी शाळा सुरू केली. १९४३ मध्ये मार्लवाईत जे सरकारने केले होते, ते आता गावाला स्वतः करावे लागले. आदिलाबादचा इतिहास असे सांगतो की मुले मागे राहिली ती क्षमता नव्हती म्हणून नव्हे, आणि पुढे गेली ती कोणी उपकार केले म्हणून नव्हे. शाळेने त्यांच्याकडे पाहण्याची रीत बदलली तेव्हा ती पुढे गेली आणि ती रीत सुटली तेव्हा मागे पडली. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीची यादी हातात येईल, तेव्हा ती कशी वाचायची हे ठरवण्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.